क्रीडा साप्ताहिकाचे वर्गणीदार होताना

14 जुलै 2019 या रविवारी लॉर्ड्सवर इंग्लंड आणि न्यूझीलंड यांच्यातील विश्वचषकाचा अंतिम सामना 241 धावांवर बरोबरीत सुटला, सुपर ओव्हरमध्येही दोन्ही संघांच्या 15-15 धावा झाल्या आणि अखेर चौकार-षटकारांच्या 26 विरुद्ध 17 अशा संख्येवर इंग्लंडला विजेते ठरवण्यात आले. त्याच दिवशी, त्याच शहरात, विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात नोव्हाक जोकोविच आणि रॉजर फेडरर 4 तास 57 मिनिटे झुंजले, आणि लंडनबाहेर सिल्व्हरस्टोनला लुईस हॅमिल्टनने ब्रिटिश ग्रां प्री ही मोटारशर्यत जिंकली. तिन्ही निकाल त्या रात्रीच जगभर पोहोचले. मात्र शेवटच्या षटकात मार्टिन गप्टिलची फेक बेन स्टोक्सच्या बॅटला लागून सीमापार गेली तेव्हा दिलेल्या सहा धावा नियमानुसार पाचच असायला हव्या होत्या, कारण फेकीच्या क्षणी दोन्ही फलंदाजांनी दुसऱ्या धावेसाठी एकमेकांना ओलांडलेले नव्हते, ही गोष्ट माजी पंच सायमन टॉफेल यांनी दुसऱ्या दिवशी स्पष्ट केली. विम्बल्डनमध्ये पराभूत फेडररने एकूण 218 गुण जिंकले होते आणि विजेत्या जोकोविचने 204. हा आकडा सामना संपताच पडद्यावर झळकला असेल, पण जास्त गुण मिळवणारा खेळाडू हरतो कसा, तिन्ही टायब्रेक जोकोविचच्याच बाजूला का झुकले, याचे उत्तर शोधायला कुणीतरी शांतपणे सामना पुन्हा पाहावा लागतो.

क्रीडा साप्ताहिकाचे मोल नेमके या उशिरात आहे. निकालाच्या शर्यतीत ते कधीच उतरत नाही. दूरचित्रवाणी, संकेतस्थळे आणि भ्रमणध्वनी ही शर्यत केव्हाच जिंकून बसले आहेत. खेळ संपल्यानंतर चार-पाच दिवसांनी, निकाल माहीत असलेल्या वाचकासमोर येऊनही जे वाचावेसे वाटते, तेच साप्ताहिकात टिकते. म्हणून वर्गणी भरण्याचा विचार करणाऱ्या क्रीडाप्रेमीने "हे मला ताजी बातमी देईल का" असे न विचारता "जे मी पाहिले ते हे मला अधिक समजावून देईल का, आणि जे माझ्या नजरेतून सुटले ते दाखवील का" असे विचारावे. पुढे निवड, अटी, वाचन आणि जतन यांविषयी जे लिहिले आहे, ते सारे या एका प्रश्नाला धरून आहे.

आवडीचे कारण आधी ओळखावे

वर्गणीदारांना साप्ताहिक का आवडते, याची कारणे प्रत्येकाची निराळी असतात, आणि आपले कारण कोणते हे ठाऊक नसेल तर चुकीचे साप्ताहिक घरी येऊ लागते. काहींना आपल्या एकाच खेळाचा संपूर्ण लेखाजोखा हवा असतो. त्यांच्यासाठी एका खेळाला वाहिलेली नियतकालिके आहेत, आणि त्यांची परंपरा मोठी आहे. ब्रिटनमधील 'सायकलिंग वीकली' 1891मध्ये सुरू झाले, 'बॉक्सिंग न्यूज' 1909मध्ये, मोटारशर्यतींचे 'ऑटोस्पोर्ट' 1950मध्ये. अशा नियतकालिकांच्या वाचकाला खालच्या फळीतील स्पर्धांचे निकाल, तरुण स्पर्धकांची नावे आणि साधनसामग्रीतील बदल इतक्या तपशिलाने कळतात, की पुढे एखादा खेळाडू अचानक प्रसिद्धीच्या झोतात येतो तेव्हा त्या वाचकाला तो अचानक आलेला वाटत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या वाचकाला विस्तार हवा असतो. त्याने मुद्दाम शोधले नसते असे काहीतरी त्याच्या समोर यावे, ही त्याची अपेक्षा असते. आपण पडद्यावर जे निवडतो त्यावरून पुढचे सुचवले जाते आणि हळूहळू आपल्या माहितीचे वर्तुळ आपल्याच आवडीभोवती आवळत जाते. छापील अंकाला मात्र आपली आवड ठाऊक नसते. क्रिकेटसाठी उघडलेल्या अंकात तिहेरी उडीवर चार पाने असतात, ती चाळता चाळता वाचली जातात, आणि पुढच्या ऑलिम्पिकला तिहेरी उडी पाहताना आपल्याला पट्टीवरचे पाऊल, झेप आणि उडी यांतील तोल दिसू लागतो. वर्गणीचे हे सुख सर्वांत कमी बोलले जाते, आणि माझ्या मते तेच सर्वांत टिकाऊ आहे. अमेरिकेतील 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'मध्ये 1956पासून 'फेसेस इन द क्राउड' नावाचे एक छोटे सदर येत असे. त्यात फारसे कुणाला माहीत नसलेल्या शालेय व हौशी खेळाडूंची चार ओळींत ओळख करून दिली जाई. 1990मध्ये चौदा वर्षांचा टायगर वुड्स त्या सदरात झळकला होता. ज्यांनी ते चौकोन नियमाने वाचले, त्यांना सात वर्षांनंतर गोल्फमधील मास्टर्स स्पर्धा जिंकणाऱ्या तरुणाचे नाव नवे नव्हते.

तिसरे कारण लेखकाच्या सहवासाचे. एखाद्या समीक्षकाचे म्हणणे आठवड्यामागून आठवडे वाचत गेले की त्याची दृष्टी आपल्याला कळते, त्याचे पूर्वग्रहही कळतात, आणि त्याच्याशी मनातल्या मनात वाद घालण्यात मोठा आनंद असतो. एखादा सुटा लेख कितीही चांगला असला तरी ही ओळख त्यातून होत नाही. ती नियमिततेतूनच होते, आणि नियमितता ही वर्गणीने मिळणारी गोष्ट आहे.

आणखी एक कारण कालगणनेचे आहे. बहुतेक लीग स्पर्धा आठवड्याच्या लयीवर चालतात. शनिवारी-रविवारी सामने, मग विश्रांती आणि सराव, मग पुढची फेरी. साप्ताहिक याच लयीवर उभे असते. मागच्या फेरीचा हिशेब आणि पुढच्या फेरीची उत्सुकता यांच्या मधोमध ते हातात पडते. जर्मनीतील 'किकर' हे फुटबॉल नियतकालिक तर आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, प्रसिद्ध होते. सोमवारचा अंक झालेल्या सामन्यांचा आणि गुरुवारचा अंक येणाऱ्या सामन्यांचा, अशी ही विभागणी स्वाभाविकच पडते. 'किकर' खेळाडूंना शाळेतल्यासारखे 1 ते 6 असे गुण देते, त्यात 1 म्हणजे सर्वोत्तम. सोमवारी त्या गुणांवरून होणारे वाद हा तिथल्या फुटबॉलप्रेमाचाच भाग बनला आहे.

निवड कशी करावी

वर्गणी भरण्यापूर्वी निदान तीन सलग अंक सुटे विकत घ्यावेत किंवा ग्रंथालयात वाचावेत. एकाच अंकावरून निर्णय घेऊ नये, कारण विशेषांक नेहमीच्या अंकांपेक्षा भारदस्त असतो आणि मोठी स्पर्धा नसलेल्या आठवड्यात संपादकाची खरी परीक्षा होते. शक्य असेल तर त्या तीन अंकांतील एक हंगाम नसलेल्या काळातला असावा. त्या आठवड्यातही वाचण्याजोगी दहा-बारा पाने सापडली, तर साप्ताहिक भक्कम आहे असे समजावे.

अंक हाती आल्यावर आधी सामन्यांचे वृत्तान्त पाहावेत. जो वृत्तान्त पहिल्या षटकापासून किंवा पहिल्या मिनिटापासून घटना ओळीने सांगत जातो, तो दैनिकाने आधीच छापलेला असतो. साप्ताहिकातील लेखकाने सामन्याचा एखादा कळीचा टप्पा निवडून त्याभोवती बाकीचा सामना बांधलेला असावा. कर्णधाराने गोलंदाजी का बदलली, बचावफळी कोणत्या मिनिटापासून मागे सरकू लागली, धावपटूने वेग कोणत्या वळणावर वाढवला, असे प्रश्न त्यात यायला हवेत. दोन्ही प्रकार शेजारी ठेवून वाचले की फरक लगेच ध्यानात येतो.

त्यानंतर लेखकांची नावे पाहावीत. प्रत्येक अंकात नवीच नावे दिसत असतील आणि स्वतःचा एकही नियमित वार्ताहर नसेल, तर मजकूर बाहेरून जमवलेला असण्याची शक्यता जास्त. वार्ताहर प्रत्यक्ष मैदानावर होता की नाही हेही मजकुरावरून कळते. वाऱ्याची दिशा, राखीव खेळाडूंच्या बाकावरची हालचाल, सरावाच्या वेळी घडलेली एखादी गोष्ट, अशा कॅमेऱ्याबाहेरच्या नोंदी लेखात असतील तर तो माणूस तिथे होता. दूरचित्रवाणीवर सामना पाहून लिहिलेल्या लेखात आपण स्वतः पाहिलेलेच पुन्हा भेटते.

आकडेवारीची पाने अनेक जण उलटून पुढे जातात, पण निवड करताना ती बारकाईने पाहावीत. गुणतक्ता, धावफलक, क्रमवारी आणि पुढील आठवड्याचे वेळापत्रक ही पाने अचूक आणि ठरलेल्या जागी असावीत. मागील अंकातील चुकीची दुरुस्ती छापण्याची पद्धत असेल तर तो मोठा गुण मानावा. जे साप्ताहिक कधीही दुरुस्ती छापत नाही, त्यात चुका नसतात असे नव्हे. त्याचप्रमाणे वाचकांच्या पत्रांचे पान पाहावे. संपादकांशी मतभेद व्यक्त करणारी पत्रे छापली जातात का, त्यांना उत्तर दिले जाते का, यावरून त्या साप्ताहिकाचा स्वभाव कळतो.

छायाचित्रांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. बातमीसोबत येणारे छायाचित्र घटना दाखवते, तर साप्ताहिकाचा छायाचित्र-संपादक शेकडो चौकटींतून अशी एक निवडतो जिच्यात खेळाडूचे तंत्र किंवा सामन्याचा ताण दिसतो. 25 मे 1965 रोजी अमेरिकेतील लुईस्टन येथे मुष्टियुद्धाच्या लढतीत मुहम्मद अली पहिल्याच फेरीत खाली पडलेल्या सॉनी लिस्टनवर गरजत उभा आहे, हे नील लायफर यांनी टिपलेले रंगीत छायाचित्र आज जगप्रसिद्ध आहे. 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'च्या त्या लढतीच्या अंकात ते मुखपृष्ठावर नव्हते, आतल्या पानांत होते. उत्तम चित्र कोणते हे काळ ठरवतो, आणि ज्यांच्याकडे तो अंक होता त्यांच्याकडे ते चित्र पहिल्या आठवड्यापासूनच होते. म्हणून निवड करताना फक्त मुखपृष्ठाकडे न पाहता आतली दोन-पानी चित्रे नीट पाहावीत, त्यांच्याखाली छायाचित्रकाराचे नाव आहे का तेही तपासावे.

छापील की डिजिटल

या प्रश्नाचे एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाही. टपालाचा भरवसा नसेल, सतत प्रवास घडत असेल किंवा अक्षरे मोठी करून वाचण्याची गरज असेल तर ई-आवृत्ती सोयीची. ती प्रसिद्धीच्या दिवशीच मिळते आणि तिच्यासोबत अनेकदा जुन्या अंकांचा संग्रहही खुला होतो, जो अभ्यासू वाचकाला अमोल असतो. मात्र ई-आवृत्ती घेताना वर्गणी संपल्यानंतर आपण पैसे भरलेले अंक उघडता येतात की नाही, हे आधी विचारावे. काही ठिकाणी वर्गणी थांबताच सारे दार बंद होते.

छापील अंकाचा लाभ निराळा आहे. तो घरात पडलेला असतो, त्यामुळे वर्गणीदाराखेरीज इतरही तो उचलतात. त्याला शेवटचे पान असते, म्हणजे वाचून संपल्याचे समाधान मिळते. आणि वाचत असताना दुसरी सूचना येऊन मधेच लक्ष वळवत नाही. लांब लेखांसाठी, आणि खास करून मोठ्या छायाचित्रांसाठी, मी छापील अंकाच्या बाजूने कौल देईन. दोन्ही मिळून थोड्या जास्त वर्गणीत मिळत असतील तर तो पर्याय सर्वांत चांगला, कारण टपालात अंक हरवला तरी वाचन खंडित होत नाही.

अर्ज भरण्यापूर्वी अटी वाचाव्यात

येथे घाई केल्याने पुढे बहुतेक तक्रारी उद्भवतात, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

पहिला प्रश्न अंकांच्या संख्येचा. वर्षाला 52 आठवडे असले तरी साप्ताहिकाचे अंक तितकेच निघतील असे नाही. वर्षअखेरीस किंवा मोठ्या स्पर्धेच्या वेळी जोडअंक काढले जातात, आणि अटींमध्ये अनेकदा असा एक जोडअंक दोन अंक म्हणून मोजला जाईल असे लिहिलेले असते. म्हणून वर्गणी "एक वर्षाची" आहे की "इतक्या अंकांची" आहे हे पाहावे आणि एका अंकामागे प्रत्यक्षात किती रक्कम पडते याचा हिशेब स्वतः करावा. जाहिरातीतील सवलतीची टक्केवारी ही सुट्या अंकाच्या किमतीशी तुलना करून दिलेली असते. आपण वर्षभरात एरवी किती सुटे अंक विकत घेतले असते, याच्याशी तुलना केली तरच खरी बचत कळते.

दुसरा प्रश्न नूतनीकरणाचा. पहिल्या काही अंकांसाठी अगदी अल्प रक्कम आकारून नंतर पूर्ण दराने आपोआप नूतनीकरण करण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. त्यात गैर काही नाही, पण ती तारीख दिनदर्शिकेत लिहून ठेवावी आणि रद्द करण्याची सूचना किती दिवस आधी द्यावी लागते, ती लेखी द्यायची की खात्यात जाऊन एक कळ दाबली की पुरते, हे भरण्यापूर्वीच पाहून घ्यावे. भरण्याचा मार्ग सोपा आणि थांबवण्याचा मार्ग सापडत नाही, अशी रचना दिसली तर सुटे अंक घेणे बरे.

तिसरा प्रश्न वारंवारतेचा, आणि तो पूर्वीपेक्षा आज अधिक महत्त्वाचा आहे. क्रीडा साप्ताहिकांचा गेल्या काही दशकांचा इतिहास सांगतो की साप्ताहिक हे कायम साप्ताहिक राहीलच असे नाही. 16 ऑगस्ट 1954 रोजी पहिला अंक काढणारे 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' 2018मध्ये पाक्षिक आणि 2020मध्ये मासिक झाले. 1886मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेतील 'द स्पोर्टिंग न्यूज'ची छापील आवृत्ती 2012च्या अखेरीस थांबली. अर्जेंटिनातील 'एल ग्राफिको' 1919मध्ये निघाले, 2002मध्ये मासिक झाले आणि 2018मध्ये त्याची छपाई बंद पडली. 1978मध्ये साप्ताहिक म्हणून आलेले भारतातील 'स्पोर्टस्टार' पुढे पाक्षिक झाले. त्यामुळे अंकांची वारंवारता बदलल्यास उरलेल्या वर्गणीचे काय होईल, मुदत वाढेल की पैसे परत मिळतील, याचा उल्लेख अटींमध्ये आहे का ते पाहावे. याच कारणासाठी तीन वा पाच वर्षांची वर्गणी एकदम भरण्याचा मोह टाळून एका वर्षावर थांबावे, अशी माझी शिफारस आहे. सवलत थोडी कमी मिळेल, पण दरवर्षी पुन्हा विचार करण्याची संधी राहते.

प्रसिद्धीचा दिवस आणि आपल्या पत्त्यावर अंक पोहोचण्याचा दिवस यांतील अंतरही विचारावे. मुखपृष्ठावर छापलेली तारीख ही पुष्कळदा अंक विक्रीस येण्याच्या दिवसापेक्षा पुढची असते, त्यामुळे तिच्यावर विसंबू नये. आपला खेळ शनिवारी-रविवारी होत असेल आणि अंक पुढच्या शनिवारी संध्याकाळी पोहोचत असेल, तर येणाऱ्या सामन्यांची पूर्वतयारी सांगणारी पाने वाया जातात. अशा वाचकाने ई-आवृत्तीचा किंवा विक्रेत्याकडे अंक राखून ठेवण्याचा पर्याय पाहावा.

वर्गणी केव्हा सुरू करावी? नोंदणीनंतर पहिला अंक हाती यायला काही आठवडे लागू शकतात. म्हणून आपल्या मुख्य खेळाचा हंगाम सुरू होण्याच्या महिना-दीड महिना आधी अर्ज करावा, म्हणजे हंगामपूर्व विशेषांक चुकत नाही. हा अंक वर्षातील सर्वांत उपयोगी अंक असतो. संघांची नवी रचना, बदललेले नियम, बदललेले प्रशिक्षक आणि पूर्ण वेळापत्रक त्यात एकत्र मिळते आणि तो हंगामभर हाताशी ठेवावा लागतो. ब्रिटनमधील 'शूट' हे मुलांचे लाडके फुटबॉल साप्ताहिक हंगामाच्या आरंभी पुठ्ठ्याचा एक गुणतक्ता भेट देत असे. संघांच्या नावांच्या छोट्या पट्ट्या दर आठवड्याला वर-खाली सरकवून मुले भिंतीवरचा तक्ता अद्ययावत ठेवत. केवळ वाचक असलेल्या मुलाला हंगामाची नोंद ठेवण्याचे काम दिले गेले, आणि त्या कामाने त्याला साप्ताहिकाशी बांधून ठेवले.

अंक आल्यावर

न वाचलेल्या अंकांचा ढीग साचणे हे वर्गणी सोडून देण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. त्यावर उपाय म्हणजे वाचनाची वेळ आणि क्रम दोन्ही ठरवून टाकणे. अंक आल्याच्या दिवशी तो एकदा पूर्ण चाळावा, चित्रे पाहावीत आणि अनुक्रमणिकेतील तीन लेखांवर खूण करावी. एक आपल्या आवडत्या खेळाचा, एक अनोळखी खेळाचा आणि एक दीर्घ व्यक्तिचित्र किंवा शोधलेख. हे तीन लेख पुढचा अंक येण्यापूर्वी वाचायचे, बाकीचे जमले तर. सगळा अंक वाचलाच पाहिजे असा नियम केला की वाचन ओझे होते.

ज्या सामन्याचा वृत्तान्त वाचायचा आहे त्याबद्दल आपले स्वतःचे मत आधी दोन-तीन ओळींत लिहून ठेवावे, ही सवय मी आग्रहाने सुचवेन. सामना का फिरला असे आपल्याला वाटते? कोणत्या खेळाडूने निराश केले? मग लेख वाचावा. आपले मत आणि जाणकाराचे मत यांतील अंतर दिसू लागते, आणि काही महिन्यांत खेळ पाहण्याची आपली नजर बदलल्याचे जाणवते. कधी कधी लेखकाच्या नजरेतून सुटलेले आपल्याला दिसलेले असते. तसे झाले तर वाचकांच्या पत्रव्यवहाराला अवश्य लिहावे. पत्रात अंकाची तारीख आणि पान नमूद करावे, एकच मुद्दा मांडावा, आधार द्यावा आणि दीडशे शब्दांत थांबावे. असे पत्र छापले जाण्याची शक्यता बरीच असते.

घरात मुले असतील तर अंक त्यांच्या हाती मोकळेपणाने जाऊ द्यावा. वाचनाचा कंटाळा असलेले मूलही आपल्या आवडत्या खेळाडूबद्दलचा अवघड शब्दांचा लेख नेटाने वाचते, आणि गुणतक्ते वाचता वाचता सरासरी व टक्केवारी शिकते. चित्र कापून भिंतीवर लावायचे असेल तर लावू द्यावे, पण आधी त्या पानाच्या मागच्या बाजूला काय छापले आहे ते दोघांनी मिळून पाहावे.

अंक आला नाही किंवा फाटून आला तर लगेच कळवावे. हरवलेल्या अंकाबद्दल कळवण्याची मुदत बहुधा मर्यादित असते. तक्रारीत वेष्टनावरील पत्त्याच्या पट्टीवर छापलेला वर्गणीदार क्रमांक लिहिला तर काम लवकर होते, म्हणून पहिल्या अंकाचे वेष्टन फेकू नये. पत्ता बदलणार असेल तर काही आठवडे आधी सूचना द्यावी, कारण पुढच्या काही अंकांच्या पट्ट्या आधीच छापून ठेवलेल्या असतात.

काय ठेवावे, कसे ठेवावे

सारेच अंक जपून ठेवणे कुणालाही शक्य होत नाही, आणि तशी गरजही नाही. हंगामपूर्व विशेषांक, जागतिक स्पर्धांचे अंक, एखाद्या खेळाडूच्या निवृत्तीचा अंक आणि आपल्या संघाच्या विजयाचा अंक एवढे पूर्ण ठेवावेत. बाकीच्या अंकांतील हवे ते लेख कापून, प्रत्येक कात्रणावर नियतकालिकाचे नाव, तारीख आणि पान लिहून वहीत किंवा फाइलीत लावावेत. तारीख नसलेले कात्रण काही वर्षांनी निरुपयोगी ठरते. चिकटपट्टी वापरू नये. तिचा डिंक काळाबरोबर पिवळा पडून कागदात उतरतो. गुळगुळीत, लेप दिलेल्या कागदावर छापलेले अंक ओल लागली की एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना चित्रासकट कागद फाटतो, म्हणून ते जमिनीलगत किंवा ओलसर भिंतीजवळ ठेवू नयेत. थेट उन्हात शाई फिकी पडते. धातूच्या पिना गंजतात, तेव्हा कायमचे ठेवायचे अंक वर्षातून एकदा उघडून पाहावेत.

जुने अंक जपण्याचे कारण आठवणींपलीकडचे आहे. नियतकालिकांनी खेळाची केवळ नोंद केली नाही, खेळाला आकारही दिला. 1956मध्ये 'फ्रान्स फुटबॉल' या फ्रेंच नियतकालिकाने सर्वोत्तम फुटबॉलपटूसाठीचा 'बॅलन डी'ओर' हा पुरस्कार सुरू केला आणि पहिला मान 41 वर्षांच्या स्टॅन्ली मॅथ्यूजला मिळाला. आज जगभर ज्या पुरस्काराची चर्चा होते तो एका नियतकालिकाच्या कार्यालयातून निघाला. त्या त्या आठवड्यातील मजकूर वाचला की पुढे काय होणार हे ठाऊक नसताना लोक काय विचार करत होते हे कळते, आणि नंतर लिहिलेल्या इतिहासात हे सहसा सापडत नाही. ज्या अंकांना घरी जागा नाही ते शाळेच्या किंवा सार्वजनिक ग्रंथालयाला देता येतात. देण्यापूर्वी सलग अंकांचा संच करून द्यावा, कारण सुट्या अंकांपेक्षा सलग वर्ष ग्रंथपालांना अधिक उपयोगी पडते.

नूतनीकरणाच्या वेळी

वर्गणी संपण्याच्या सुमाराला शेवटचे आठ-दहा अंक एकत्र काढून बसावे आणि खूण केलेले लेख किती वाचले ते पाहावे. निम्म्याहून अधिक वाचले असतील तर वर्गणी निःशंकपणे पुढे चालू ठेवावी. कमी वाचले असतील तर दोष वेळेचा आहे की मजकुराचा, हे तपासावे. वेळ मिळत नसेल तर सहा महिन्यांचा खंड घेऊन हंगामापुरती वर्गणी घेता येईल का ते विचारावे. मजकूर घसरला असेल, नियमित लेखक सोडून गेले असतील, वृत्तान्तांच्या जागी नुसत्या याद्या येऊ लागल्या असतील, तर ते संपादकांना स्पष्ट शब्दांत लिहून कळवावे. वर्गणीदाराच्या जाण्यापेक्षा जाण्याचे कारण सांगणारे पत्र संपादकाला अधिक उपयोगी पडते. मुदतीपूर्वी वर्गणी थांबवायची असेल तर उरलेल्या अंकांच्या रकमेची मागणी त्याच पत्रात करावी, पत्राची प्रत ठेवावी, आणि बँकेला दिलेला आपोआप रक्कम वळती करण्याचा आदेश स्वतंत्रपणे रद्द करून घ्यावा, कारण वर्गणी रद्द झाली तरी तो आदेश आपोआप रद्द होतोच असे नाही.